नुसता 'अस' जोडून रोमन नाव होत नाही: नाव घडवण्याची आणि तपासण्याची पद्धत

रोमन काळातल्या गोष्टी लिहिणारे लोक अधूनमधून मला हस्तलिखित वाचायला देतात. कादंबऱ्या असतात, एकांकिका असतात, हल्ली गेमच्या संहिताही येतात. कथा कशीही असो, नावांचा घोळ ठरलेला. परवा आलेलं नाव होतं झॅव्हिकस टॅल्व्हॉन ड्रॅकस. पहिल्या शतकात सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला, रोमी व्यापाऱ्याच्या जहाजाचा तांडेल. लेखकाने समासात विचारलं होतं, "लॅटिन वाटतंय ना?"

वाटत नाही. पण 'कानाला खटकतं' एवढंच सांगून सोडलं तर पुढचं नावही तसंच येणार. म्हणून याच नावाला धरून सगळे टप्पे करू. क्रम बदलू नका. बहुतेक जण आधी आवाज जुळवतात आणि मग त्या आवाजाला माणूस चिकटवतात. काम नेमकं उलट्या बाजूने करायचं असतं.

लिखाणाबद्दल एक खुलासा. रोमन लिपीतलं 'सी' हे अक्षर अभिजात लॅटिनमध्ये कायम 'क' उच्चारलं जायचं. म्हणून मी इथे किकेरो लिहितोय, तोच आपला सिसेरो. काएसार म्हणजे सीझर.

## तयारी: नावाआधी माणूस

कागदावर चार गोष्टी लिहा. काळ कोणता? माणूस स्वतंत्र नागरिक, गुलाम की मुक्त झालेला गुलाम? स्त्री की पुरुष? घराणं मूळचं कुठलं?

काळ आधी, कारण त्यावर नावाचे तुकडे किती ते ठरतं. प्रजासत्ताकाच्या काळात, म्हणजे सम्राट येण्याआधी, दोनच तुकडे असलेले बडे लोक सापडतात: गायस मारियस, मार्कस अँटोनियस. पहिल्या शतकात नागरिक पुरुषाला तीन तुकडे हे रूढ झालं. इ.स. 212 मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं आणि आउरेलियस हे कुळनाव लाटेसारखं पसरलं. चौथ्या शतकापर्यंत पहिलं नाव वापरातून जवळपास गेलेलं होतं. तिसऱ्या शतकाच्या अखेरची आणि चौथ्या शतकाची नावं कानालाच वेगळी लागतात: माक्सेन्टियस, लाक्टान्टियस. अशी नावं काएसारच्या सैन्यात घातली की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

आपला तांडेल पहिल्या शतकातला. तो जन्माने ग्रीकभाषक, आधी गुलाम, मग मुक्त झालेला असं लेखकाशी बोलून ठरवलं. कथेत हे आधीच होतं, फक्त नावात उतरलं नव्हतं.

## टप्पा 1: साचा नीट समजून घ्या

तीन तुकडे असे: प्राएनोमेन म्हणजे पहिलं नाव, नोमेन म्हणजे कुळनाव, कोग्नोमेन म्हणजे शाखेचं किंवा व्यक्तीचं जोडनाव. मार्कस टुल्लियस किकेरो.

मराठी माणूस इथे हमखास फसतो. आपल्याकडेही तीन तुकडे असतात, त्यामुळे हात आपोआप स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा चालतो. मग 'मार्कस लूकियस किकेरो' तयार होतं, म्हणजे लूकियसचा मुलगा मार्कस! रोमी पद्धतीत मधला तुकडा बापाचा नव्हे, अख्ख्या कुळाचा असतो आणि नावातला सर्वांत कमी हलणारा भाग तोच. बापाचं नाव येतं, पण वेगळ्या जागी: कुळनावानंतर आणि जोडनावाआधी, 'मार्कसचा पुत्र' अशा संक्षेपात. शिलालेखी थाटात किकेरोचं नाव 'मार्कस टुल्लियस, मार्कसचा पुत्र, कोर्नेलिया गणातला, किकेरो' असं होतं. हा गण म्हणजे मतदारांचा गट, जात नव्हे.

तपासा: मधला तुकडा काढून तो भावाला, बापाला आणि मुक्त केलेल्या गुलामाला लावून बघा. सगळ्यांना तोच बसत असेल तर जागा बरोबर आहे.

## टप्पा 2: पहिलं नाव निवडा, बनवू नका

इथे कल्पकता बंद. प्रजासत्ताकाच्या अखेरीस रोजच्या वापरात जेमतेम दीड डझन पहिली नावं होती: मार्कस, लूकियस, गायस, पब्लियस, क्विन्टस, टिटस, टिबेरियस, सेक्सटस, आउलस, डेकिमस, ग्नाएयस आणि आणखी काही. यातलंच एक उचलायचं. थोरल्या मुलाला बहुधा बापाचंच मिळे.

झॅव्हिकस इथेच बाद. मॅक्सिमसही या जागी चालत नाही. माक्सिमस हे जोडनाव आहे, त्याची जागा शेवटी.

थांबा: संवादात प्रत्येक जण नायकाला 'मार्कस' म्हणून हाक मारतोय का? नुसतं पहिलं नाव मुख्यतः घरच्यांचं. बाहेरचे लोक कुळनावाने किंवा जोडनावाने बोलवत. नावं इतकी कमी की भर बाजारात "मार्कस!" म्हटलं तर पाव बाजार मागे वळेल.

## टप्पा 3: कुळनाव घडवा

खरी कारागिरी इथे. नवं काही बनवायला सर्वांत मोकळी आणि सर्वांत सुरक्षित जागा हीच, कारण कुळनावं शेकड्यांनी होती आणि एखादं अनोळखी असलं तरी खटकत नाही.

नेहमीचा शेवट 'इयस': यूलियस (आपला ज्युलियस), कोर्नेलियस, टुल्लियस, क्लाउडियस. ही मुळात विशेषणं आहेत, हे डोक्यात पक्कं बसवा, पुढे दोनदा कामाला येईल. सोपी युक्ती म्हणजे पहिल्या नावापासून कुळनाव काढणं: मार्कसपासून मार्कियस, टिटसपासून टिटियस, सेक्सटसपासून सेक्सटियस. आपल्याकडच्या गर्ग–गार्ग्य, कश्यप–काश्यप अशा जोड्यांची आठवण यावी असाच हा प्रकार.

सगळ्या कुळनावांना 'इयस' लावलात तर तेही खोटं वाटेल. इटलीच्या वेगवेगळ्या भागांतून वेगळे शेवट रोममध्ये आले. लाबिएनस, आल्फेनस यांतला 'एनस' घ्या. अन्नाएयस, पोप्पाएयस यांतला 'आएयस' घ्या. काएकिना, पेर्पेर्ना ही एट्रुस्कन (रोमच्या उत्तरेकडच्या जुन्या लोकांच्या) वळणाची, पुरुषांची असूनही 'आ'ने संपणारी. माएकेनास हेसुद्धा कुळनावच. पात्रांची यादी मोठी असेल तर दहात एखादं असं टाका, गर्दी खरी वाटते.

आता टॅल्व्हॉन. लेखकाला हा आवाज सोडवत नव्हता, आणि सोडायची गरजही नव्हती. 'टाल्व' ही सुरुवात लॅटिन जिभेला जमण्यासारखी आहे, 'ल्व' हा जोड काल्वस, सिल्वा अशा शब्दांत येतोच. 'ऑन' हा शेवट मात्र चालणार नाही. त्याजागी 'एनियस' जोडलं: टाल्वेनियस. हे कुळनाव झालं.

### स्त्रीचं नाव इथूनच निघतं

विशेषण आहे म्हटल्यावर त्याचं स्त्रीलिंगी रूप करायचं: टाल्वेनियसची मुलगी टाल्वेनिया. किकेरोची मुलगी टुल्लिया. दोन मुली असल्या तर माइयोर आणि मिनोर, म्हणजे थोरली आणि धाकटी. मार्कस अँटोनियसच्या दोन अँटोनिया अशाच ओळखल्या जातात. पुढे साम्राज्यकाळात जोडनावाचंही स्त्रीरूप लागू लागलं: आग्रिप्पापासून आग्रिप्पिना.

लग्नानंतर बाईचं कुळनाव बदलत नसे. किकेरोची बायको टेरेन्टिया, ती टेरेन्टियाच राहिली. 'सौ. टुल्लिया किकेरो' हे आपण आपल्या घरातून तिकडे नेतो.

उलटी चूक माझ्या हातून झाली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी लिहिलेल्या नाटुकल्यात मी एका राणीच्या सखीचं नाव सेनेका ठेवलं होतं. 'आ'ने संपतंय म्हणजे बाई, एवढाच विचार. सेनेका, सुल्ला, आग्रिप्पा, गाल्बा, नेर्वा हे सगळे पुरुष. प्रयोगानंतर इतिहासाच्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. ते जास्त लागलं.

तपासा: कुळनावाचं स्त्रीरूप करा आणि एखाद्या रस्त्याला किंवा कायद्याला लावा. 'विया' म्हणजे रस्ता, 'लेक्स' म्हणजे कायदा. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, म्हणून विया आप्पिया, लेक्स यूलिया. लेक्स टाल्वेनिया? बसलं.

## टप्पा 4: जोडनाव, आणि भव्यतेचा मोह

नवशिके इथे सिंह, विजेता, वादळ अशा अर्थांमागे लागतात. रोमी जोडनावं पुष्कळदा चक्क टिंगलीची होती. नासो म्हणजे नाकाड्या, आणि कवी ओविडियसचं हे जोडनाव. काएकस आंधळा, स्ट्राबो तिरळा, क्रास्सस जाड्या, वारस फेंगड्या. किकेरो या नावात हरभरा आहे. बाल्बस म्हणजे बोबडा. आपल्याकडे बोबडे, काळे, गोरे ही आडनावं सुखेनैव नांदतात, त्यामुळे मराठी लेखकाला हे समजायला जड जाऊ नये. काळे म्हणजे तिकडचा निगेर, गोरे म्हणजे आल्बस.

घडवायच्या मुख्य रीती अशा. अवयवाला 'ओ' लावून 'मोठ्ठा' हा अर्थ: नासो, कापिटो (डोकं), फ्रोन्टो (कपाळ), लाबेओ (ओठ). लाडिक लघुरूप: मार्केल्लस, रेगुलस. गावावरून किंवा प्रदेशावरून: साबिनस, आफ्रिकानस. धातुसाधितं: व्हालेन्स म्हणजे बळकट असलेला, क्रेस्केन्स म्हणजे वाढता, डोनाटस म्हणजे दिलेला, आपल्या 'दत्त'सारखा. दत्तक गेलेल्याचं जुनं कुळनाव 'आनस' लावून मागे राहतं: आएमिलियस घरातून स्किपिओच्या घरात गेलेला मुलगा स्किपिओ आएमिलियानस झाला.

ड्रॅकसचं काय करायचं? लेखकाच्या मनात ड्रॅगन होता. लॅटिनमध्ये तो शब्द ड्राको, आणि त्याचं अंग, म्हणजे ज्याला विभक्तीचे प्रत्यय लागतात तो भाग, ड्राकोन. 'ओ'ने संपणाऱ्या शब्दाचा शेवट कापून 'अस' चिकटवणं म्हणजे 'राजा'ला 'राजस' करून 'संस्कृत झालं ना' असं विचारण्यासारखं.

पण आपला माणूस मुक्त गुलाम आहे, म्हणून त्याचं जोडनाव बनवायचं नाहीच. मुक्त झालेला गुलाम मालकाचं पहिलं नाव आणि कुळनाव घ्यायचा आणि स्वतःचं जुनं एकेरी नाव जोडनावाच्या जागी ठेवायचा. किकेरोचा लेखनिक टिरो मुक्त झाल्यावर मार्कस टुल्लियस टिरो झाला. गुलामांची नावं पुष्कळदा ग्रीक असत: हेर्मेस, एरोस, ओनेसिमस. ओनेसिमस म्हणजे उपयोगी, म्हणजे मालकाने दिलेलं नाव कसं असतं ते कळलं. मालक गायस टाल्वेनियस नासो धरला, तर तांडेल झाला गायस टाल्वेनियस ओनेसिमस.

हे नुसतं कागदी नाही. इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटात, तांबड्या समुद्राच्या बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर, इ.स. 6 मधला एक कोरीव लेख आहे, ग्रीक आणि लॅटिन दोन्ही भाषांत. लीसास नावाचा माणूस स्वतःला 'पब्लियस अन्नियस प्लोकामसचा' म्हणवतो. गुलामाचं नाव एकेरी, मालकाचं तिहेरी. हिंदी महासागराच्या व्यापाराची कथा लिहिणाऱ्याला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

## टप्पा 5: आवाजाची चाळणी

आता, आणि आताच, कान लावा.

श, च, झ काढून टाका. 'झेटा' हे ग्रीक अक्षर फक्त ग्रीकमधून आलेल्या नावांत. ख, थ, फ यांचे महाप्राण उच्चारही ग्रीकच, अपवाद ग्राक्खस आणि पुल्खेर. ओठ-दातांचा 'फ' मात्र अस्सल लॅटिन: फाबियस, फुल्वियस. 'क्यू' नेहमी 'क्व': क्विन्टस, आक्विला.

शब्दाच्या सुरुवातीला प्र, त्र, क्र, ग्र, प्ल, क्ल, फ्ल, स्प, स्त, स्क, स्त्र चालतात. व्र, व्ल, श्र, क्ष चालत नाहीत. 'क्स' मध्ये आणि शेवटी हवा तितका: सेक्सटस, फेलिक्स.

सर्वांत बारीक चाळणी: दोन स्वरांमध्ये एकटा 'स' आलाय का? जुन्या लॅटिनमध्ये अशा जागी 'स'चा 'र' झाला. पापिसियस घराणं पापिरियस झालं, वालेसियसचं वालेरियस. म्हणून 'डोसियस' संशयास्पद, तर 'डोरियस' किंवा दुहेरी स असलेलं 'डोस्सियस' सुरक्षित. ही बंदी नाही, इशारा आहे. काएसार आणि आसिनियस समोर उभे आहेतच. ओनेसिमस ग्रीक, त्याला हा नियम लागू नाही.

## टप्पा 6: आघात, लघु-गुरूवरून

ज्यांनी शाळेत वृत्तांची गणं पाडली त्यांना हे पाच मिनिटांचं काम. शेवटचं अक्षर सोडा. शेवटून दुसरं गुरू असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर शेवटून तिसऱ्यावर. गुरू म्हणजे दीर्घ स्वर किंवा पुढे जोडाक्षर, आपल्यासारखंच. आग्रिप्पीना: 'पी' गुरू, आघात तिथे. किकेरो: 'के' लघु, आघात 'कि'वर. 'इयस'वाल्या सगळ्या कुळनावांत शेवटून दुसरा 'इ' लघु, म्हणून आघात त्याच्या आधीच्या अक्षरावर: कोर्नेलियस, आउरेलियस, टाल्वेनियस. तिन्ही मोठ्याने म्हणा, एकच ठेका यायला हवा.

## टप्पा 7: विभक्ती लावून बघा

मूळ रूप छान वाटतं आणि षष्ठीत नाव कोलमडतं, असं फार होतं. षष्ठी करता येत नसेल तर ते नाव लॅटिन झालेलं नाही. मार्कस, मार्की. टाल्वेनिया, टाल्वेनियाए. नासो, नासोनिस. काएसार, काएसारिस.

संबोधनही करा, संवादात लागतं. 'अस'चं 'ए' होतं: ब्रूटस, ब्रूटे. 'इयस'चं 'ई': टुल्लियस, टुल्ली. रामचं रामा करणाऱ्या भाषेत वाढलेल्यांना यात नवल नाही. पण मराठी संवादात "ओनेसिमे, शिडं उतरव" लिहायचं की "ओनेसिमस" हे एकदा ठरवा आणि पूर्ण पुस्तकभर पाळा. मी मूळ रूपच ठेवतो. मराठी प्रत्ययांनाही तेच: ओनेसिमसने, ओनेसिमसला. 'ओनेसिमसाला' नको.

वनस्पतींच्या शास्त्रीय नावांशी याची गल्लत करू नका, तिथे वेगळे नियम आहेत. आंबोलीच्या परिसरातली सोनघंटा ही अबुटिलॉन रानडेई. तो शेवटचा 'ई' म्हणजे षष्ठी, 'रानडे यांची'. स्त्रीच्या नावाने असती तर 'आए' आला असता. काहींना वाटतं रानडेचं लॅटिन रूप रानडेई, आणि मग कथेतला सेनापती 'पांडेई' होतो.

## टप्पा 8: देवनागरी रूप

दोन वाटा: इंग्रजीतून आलेली रूढ रूपं (सीझर, सिसेरो, ज्युलियस) किंवा अभिजात उच्चार (काएसार, किकेरो, यूलियस). कोणतीही घ्या, पण एका पानावर सीझर आणि किकेरो शेजारी बसवू नका. सीझर कथेत असेल तर मी रूढ वाट सुचवतो, वाचकाला ओळखीचा माणूस ओळखू यावा.

मराठी कानाला भलतंच ऐकू येतंय का, तेही बघा. डोलाबेला हे अस्सल, प्रतिष्ठित जोडनाव. गंभीर प्रसंगात मंचावरून उच्चारून पाहा आणि प्रेक्षकांकडे लक्ष ठेवा.

## टप्पा 9: शोधून बघा

शेवटी दोन शोध. एक लॅटिन शब्दकोशात, आपण अजाणता एखादा सामान्य शब्द तर बनवला नाही ना यासाठी. वेर्रेस म्हणजे डुक्कर, आणि त्या नावाचा खरा सुभेदार होऊन गेला. असा अर्थ निघाला तर नाव फेकायची गरज नाही, पण तुम्हाला तो ठाऊक असायला हवा.

दुसरा शिलालेखांच्या ऑनलाइन संग्रहात. क्लाउस आणि स्लाबी यांच्या संग्रहात पाच लाखांहून अधिक लॅटिन लेख आहेत. शोधताना शेवट काढून फक्त अंग टाका, कारण लेखात नाव कुठल्याही विभक्तीत असू शकतं. 'यू'च्या जागी 'व्ही' टाकूनही एकदा पाहा, कोरणारे दोन्हींसाठी एकच खूण वापरत. नाव सापडलं तर उत्तम, ते खरं निघालं. नाही सापडलं तरी त्याच शेवटाची निदान तीन-चार कुळनावं दिसतात का बघा.

हा शोध मी लेखकावरच सोपवला. यादीत आता मालक गायस टाल्वेनियस नासो, त्याची मुलगी टाल्वेनिया आणि तांडेल गायस टाल्वेनियस ओनेसिमस अशी तिघं आहेत. त्याने उलट विचारलं, मालक मेल्यावर मुलीने आणखी एक गुलाम मुक्त केला तर त्याचं कुळनाव काय? टाल्वेनियस.